फेजवाल्या बाई

सणसरच्या चौकात शकूआत्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, त्यावर तिच्या फोटोशेजारी पाण्याची मोटार छापली होती. हिरव्या रंगाची, तीन वायरी बाहेर आलेली. खाली मजकूर होता, 'शेतकऱ्यांच्या आधारस्तंभ, फेजवाल्या बाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' माझी आत्या भौतिकशास्त्राची डॉक्टर होती. माणसाच्या मेंदूतून निघणारे बारीक संदेश तपासण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. मंडळाच्या पोरांना चार शब्द सुनवावेत म्हणून मी चपला घातल्या, चौकापर्यंत गेलो आणि चहा पिऊन परत आलो. एक तर तालुक्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर जन्म काढलेल्या माणसाला तक्रारी घेण्याची सवय असते, करण्याची नसते. आणि दुसरं म्हणजे, फोटोतली आत्या मान वाकडी करून नेमकी त्या मोटारीकडेच बघत होती, आणि चांगली खूश दिसत होती.

मान वाकडी करून बघणं ही तिची खूण. कुणाच्या तरी लग्नातला तो फोटो असणार. तिथं ती मोटारीकडे नाही, नवरीच्या मुंडावळीकडे बघत असेल. समोर काहीही आलं, भाकरी, माणूस, लग्नपत्रिका, तरी ती आधी मान डावीकडे कलती करायची आणि मग बोलायची. नव्या सुनांना वाटायचं, आत्याबाईंची मान लचकलीय. एकीनं तर तेल गरम करून आणलं होतं. आत्यानं ते मुकाट्यानं लावूनही घेतलं. खुलासे करण्यापेक्षा तेल लावून घेणं सोपं, असं तिचं मत होतं.

आता तिचं काम काय होतं ते मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. म्हणजे फार वेळ लागणार नाही. एमआरआयचं यंत्र मेंदूचा फोटो काढतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच यंत्राला दुसऱ्या तऱ्हेनं विचारलं तर ते फोटोऐवजी सांगतं, की कुठल्या जागी कुठला पदार्थ किती आहे. पडद्यावर मेंदूचे चौकोन पाडलेले असतात. आत्या त्यांना वाफे म्हणायची. प्रत्येक वाफ्यात एक रेघ, आणि रेघेवर लहानमोठ्या टेकड्या. एकेक टेकडी म्हणजे एकेक पदार्थ. गडबड अशी, की वाफ्यातून येणारी लाट ऐकायला जरा मागंपुढं सुरुवात झाली, की टेकडी कलते. एक पाय वर, एक खाली. कधी तर पार उलटी होऊन वटवाघळासारखी लोंबते. ही फेजची चूक. आणि प्रत्येक वाफ्याची चूक वेगळी. ती शोधायची आणि टेकडी जशी खरोखर आहे तशी उभी करायची, हे माझ्या आत्याचं काम. दिवसभर कललेल्या टेकड्या बघून मान कलणार नाही तर काय.

मला समजावं म्हणून ती गणपाचं उदाहरण द्यायची. गणपा म्हणजे आमच्या गल्लीतला शिंपी. गणपतीच्या आरतीला तो मागच्या ओळीत उभा राहायचा आणि कायम अर्धा शब्द उशिरा असायचा. "गणपा चुकीचं म्हणत नाही, बाळू," आत्या म्हणायची, "तो उशिरा म्हणतो. त्याला किती उशीर झाला ते काढायचं, आणि तेवढा त्याला परत द्यायचा." पन्नाशी उलटली तरी मी तिच्यासाठी बाळूच होतो. त्यानंतरच्या गणपतीत मी गणपाशेजारी उभा राहून त्याचा उशीर काढायला गेलो आणि दोघंही पूर्ण कडवंभर मागं राहिलो.

पण सरळ दिसणाऱ्या गोष्टीवर तिचा विश्वास नसायचा. तिच्या खोलीत आजोबांचा फोटो होता, तिरका टांगलेला. एकदा ती बाहेर गेलेली असताना मी खुर्चीवर चढून तो सरळ केला. आली, मान कलती केली आणि म्हणाली, "फोटो सरळच होता. भिंत तिरकी आहे." मग ओळंबा आणून दाखवला. भिंत खरंच तिरकी होती. आपल्या डोळ्याला भिंतीची सवय झालेली, म्हणून फोटो दोषी. एखादा वाफा स्वतःविषयी काय सांगतो त्यावर जाऊ नये, शेजारच्या वाफ्यांना विचारावं, आणि सगळ्यात आधी पाण्याला विचारावं, ही तिची रीत. मेंदूत पाणी इतकं असतं, की त्याच्या आवाजात बाकीचं काही ऐकूच येत नाही. म्हणून यंत्र एरवी पाण्याला गप्प बसवतं. पण एकदा मुद्दाम त्याला मोकळं सोडून ऐकायचं. पाण्याचा आवाज मोठा आणि स्वच्छ, त्यामुळे कुठल्या वाफ्यात किती उशीर झालाय ते पाणीच सांगून जातं. "पाणी खोटं बोलत न्हाय," असं ती म्हणायची. ही एवढी गोष्ट मात्र ती नेहमी गावच्या बोलीतच म्हणायची.

फ्लेक्सवरच्या मोटारीचं मूळ बबनरावांच्या विहिरीत आहे. आत्या घरी राहायला आली तेव्हा गावात चौकशा झाल्या, की बाई काय करतात. आबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, माझ्या चुलत्यांनी, अभिमानानं सांगून टाकलं, की आमची शकी फेज दुरुस्त करती. सणसरला फेज म्हणजे एकच. विजेचा. थ्री फेज आला तर विहिरीवरची मोटार चालणार, एक फेज गेला तर जळणार, आणि खांबावरच्या दुरुस्तीत दोन वायरींची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरणार. उलटी मोटार फार फसवी. आवाज तोच, थरथर तीच, फक्त पाणी नाही. अशीच मोटार उलटी फिरायला लागल्यावर बबनराव आबांच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, एवढ्या शिकल्यासवरल्या बाई घरात असताना बारामतीहून माणूस कशाला आणायचा.

आत्यानं त्यांना समजवायला सुरुवात केली. लाट, वाफे, टेकड्या. बबनराव मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी डोक्यातली मोटार. पर फेज त्यो फेजच की वो." आत्यानं मान कलती केली. मग त्यांच्याबरोबर विहिरीवर गेली, मेन स्विच पाडायला लावला, तीनपैकी दोन वायरी अदलून-बदलून बसवल्या, आणि पाइपातून पाणी आलं. परत आली ती हसतच. मला म्हणाली, "बबनराव काही फार चुकले नाहीत रे." त्या दिवसापासून ती तालुक्याची फेजवाली बाई झाली. निरवांगीपासून बोलावणी यायची. मुंबई-बंगळूरच्या मोठ्या माणसांशी कानाला यंत्र लावून बोलत असतानाच दारात कुणीतरी पाना घेऊन उभं असायचं.

ती आली होती आजीचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून, तेवढ्यापुरती. दक्षिणेत एका प्रयोगशाळेत तिची जागा होती आणि तिथले लोक वाट बघत होते. निळी सुटकेस तिनं कपाटावर ठेवली, पलंगाखाली नाही. पलंगाखाली गेलेली वस्तू राहायला येते, म्हणाली. आजी बरी झाली, मग वारली. मग पेरूची छाटणी आली. मग आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आबा कधीही जाऊ नको म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "जा की. तुला कोण धरलंय?" आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर मोटार बिघडलेली. लग्न तिनं केलं नव्हतं, त्यामुळं जायला सासर नव्हतं, आणि बिनलग्नाच्या बाईचं काम हे काम नसून वेळ घालवणं असतं, अशी घराची पक्की समजूत. काम मात्र ती करत राहिली, घरातूनच. बारामतीत भिगवण रस्त्याकडं एका स्कॅन सेंटरनं ते यंत्र आणलं तेव्हा त्यांनाही ती हवी झाली, आणि जाण्याचं आणखी एक कारण कमी झालं.

सुटकेसचं पुढं असं झालं, की एकदा खरंच निघायचं ठरल्यावर तिनं ती खाली काढली, तर आत गोधड्या. थोरल्या काकीनं, म्हणजे आबांच्या बायकोनं, रिकामी जागा कशाला वाया घालवा म्हणून हिवाळी गोधड्या तिच्यात भरल्या होत्या. वर डांबरगोळ्या टाकल्या होत्या. आत्या बराच वेळ त्या गोधड्यांकडे बघत होती. मग झाकण लावून तिनं सुटकेस परत वर ठेवली.

अडकणं म्हणजे काय ते मला तिच्याच कृपेनं कळलं. नव्या यंत्राची जुळणी करायला तिला एक निरोगी मेंदू हवा होता आणि तिनं माझं नाव सुचवलं. आमच्या घरात यावर बरीच चर्चा झाली. आत काही सापडलं तर मलाही कळवा, असं बायकोनं आत्याला सांगितलं. मला त्या बोगद्यात घातलं, तोंडावर पिंजरा लावला, नाकापासून चार बोटांवर छत. हातात एक रबरी फुगा दिला. आत्या वाकून म्हणाली, "घाबरलास तर फुगा दाब. लगेच बाहेर काढू. पण दाबलास तर सगळं पहिल्यापासून." आणि गेली. मग ठोकाठोक सुरू झाली. मी देवाचं नाव घेतलं, नंतर सगळ्या देवांची घेतली. नाकाला खाज सुटली. जन्मभर ज्याला त्याला 'उद्या या' म्हणून परत पाठवलं ते सगळे डोळ्यांपुढं आले. मी फुगा दाबला. बाहेर काढलं तेव्हा आत्या घड्याळाकडं बघत उभी होती. यंत्र तर अजून नुसतं तापत होतं, म्हणाली.

पुढं ते वाक्य आमच्या घरची म्हणच झालं. सत्यनारायणाला कथा लांबली, की बायको माझ्या कानात म्हणते, फुगा दाबू नका, सगळं पहिल्यापासून.

मग आबा पडले. पेरूच्या बागेत उभे असताना त्यांचा उजवा हात आपोआप झटके द्यायला लागला आणि ते सरीत आडवे झाले. बारामतीला नेलं. डोक्यात गाठ निघाली. कसली, ते कळायला त्याच यंत्रात त्यांना घातलं. आत्या त्या दिवशी आत गेली नाही. स्वतःच्या माणसाचं स्वतः करू नये म्हणून काकीशेजारी बाकावर बसून राहिली. जुळणी यंत्रानं आपली आपणच केली. गाठीच्या वाफ्यात एकच टेकडी होती, आणि ती वर होती. तरुण डॉक्टर सांभाळून बोलले. टेकडी वर आहे म्हणजे चरबी असावी, टीबीची गाठ असू शकते, तसं असेल तर गोळ्यांनी विरघळते, पण नक्की उद्या सांगतो. ह्यातलं काकीनं एकच ऐकलं, विरघळते. आम्ही सणसरला पोचायच्या आत ते सणसरला पोचलं होतं. आत्या एवढंच म्हणाली, की मी अजून पाण्याला विचारलेलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन आबांकडं गेलो. मी नेहमीच अशा वेळी पेढे घेऊन जातो. सोप्यात आबा कॉटवर पडले होते, आणि शेजारच्या खोलीत आत्या पडद्यासमोर. पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन मी तिच्यामागं बसलो. तिनं वळून न बघता सांगितलं, काय झालंय ते. नेहमीच्या वाफ्यात चारपाच टेकड्या असतात, त्यांच्या आधारानं कोण उभं आणि कोण उलटं ते ठरतं. दादाच्या, म्हणजे आबांच्या, वाफ्यात बाकी सगळं संपलंय, एकच टेकडी उरलीय. अशा वेळी यंत्र ती उभी करून टाकतं, कारण बहुतेक टेकड्या उभ्या असतात. ह्या तपासणीत चरबीची टेकडी वर येते आणि दुसऱ्या एका पदार्थाची खाली लोंबते. त्या दुसरीला दोन शेंडे असतात, त्यावरून ओळखू आली असती. पण आबांनी आत जाताना गालात तंबाखू धरली होती आणि जबडा हलत होता, त्यामुळं शेंडे पुसले गेले होते. म्हणून आता वर की खाली, एवढाच प्रश्न. वर असेल तर गोळ्या. खाली असेल तर कॅन्सरची गाठ, आणि आपण गोळ्यांवर बसून राहिलो, तर गाठ आत वाढत राहणार आणि चिरायची वेळ निघून जाणार.

तिनं शेजारच्या वाफ्यांना विचारलं. रेघ हलली, कलली, आणि टेकडी खाली गेली. तिनं ती परत वर आणली. मग पाण्याला विचारलं. परत खाली. परत वर आणली. मला काही कळत नव्हतं आणि पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळून झाली होती.

काकी चहा घेऊन आली ती दारातच थांबली. तिला लाट माहीत नव्हती, वाफे माहीत नव्हते. पण उभं आणि पडलेलं तिला कळत होतं. टेकडी उभी असताना तिनं बघितली आणि खाली जाताना बघितली. ती हळूच म्हणाली, "वन्सं, ऱ्हाऊ द्या की सरळ. साऱ्या गावाच्या मोटारी सरळ केल्या तुमी. घरची एक ऱ्हाऊ द्या."

आत्याचा हात तसाच राहिला. टेकडी त्या वेळी उभीच होती. "वहिनी," ती म्हणाली, "मोटार सरळ केली की पाणी येतं. ही नुसती सरळ दिसंल."

काकीनं कप खाली ठेवला आणि ती निघून गेली. आत्या पडद्याकडं बघत होती, आणि मान सरळ होती. तिची मान सरळ मी तेव्हाच बघितली.

सोप्यातून आबांचा आवाज आला. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. "शके, मोटार उलटी फिरतीया व्हय?"

बाहेर कुणाची तरी मोटार चालू होती, तेवढाच आवाज.

"व्हय, दादा."

"मग वायर बदलाया पायजे," आबा म्हणाले. "कवा जायाचं पुण्याला?"

डॉक्टरांनी आत्याचं बघून मान्य केलं आणि तेही म्हणाले, की नुसत्या रेघेवर काही ठरत नाही, तुकडा काढूनच बघायला हवा. पुण्याला ऑपरेशन झालं. तुकडा तेच बोलला जे उलटी टेकडी बोलली होती. पण गाठ वेळेवर निघाली, म्हणून आबांना थोडे दिवस मिळाले. पेरूचा आणखी एक बहार त्यांनी डाव्या हातानं तोडून खाल्ला.

काकी मात्र आत्याशी बोलायची बंद झाली. तिच्या हिशेबानं गाठ विरघळणारी होती, आत्यानं ती उलटी केली. काकीला पूर्ण चूक म्हणणं मला कधी जमलं नाही. तिनं डोळ्यांनी बघितलं होतं ना, कोणाच्या हातानं पडली ते. एकाच चुलीपुढं दोघी, आणि शब्द नाही. काही सांगायचं असेल तर काकी कुकरला सांगायची, की शिट्ट्या झाल्यात, कुणाचं लक्ष हाय का. आत्या मांजराला उत्तर द्यायची. मी गेलो, की दोघी माझ्यामार्फत बोलायच्या. जन्मभराचा आवक-जावकचा अनुभव तिथं कामी आला. आबा रोज म्हणायचे, जा आता, तुला कोण धरलंय. ती जायची नाही. त्या घरात कुणाच्याही हातात फुगा नव्हता.

आबांचं तेराव्यापर्यंत सगळं उरकलं आणि दक्षिणेतून परत बोलावणं आलं. ह्या वेळी आत्यानं हो म्हणून टाकलं. मी गाडी घेऊन गेलो तर सुटकेस ओट्यावर ठेवलेली, पुसून, ऊन दाखवून. गोधड्या काकीनं स्वतः काढल्या होत्या. डांबरगोळ्यांचा वास मात्र तसाच होता. आत्या पायात चपला घालून उभी. काकी दाराला टेकून बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बाळू, जाणाऱ्या माणसाला सांग, जाताना मोटार बघून जा म्हणावं. सकाळपास्नं उलटी फिरतीया."

त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती. आत्यानं कोनाड्यातला पाना घेतला. मी मागोमाग गेलो, कारण गाडी लवकर काढायची होती. विहिरीपाशी मोटार चालू होती. पाइपातून दंडाएवढं पाणी पडत होतं आणि पाट भरून पेरूकडं चाललं होतं. आत्या पाइपाखाली हात धरून उभी राहिली. पाणी तिच्या तळव्यावर आपटून कोपरापर्यंत उडत होतं. तिनं मान डावीकडं कलती केली, पाण्याकडं बघितलं, मग घराकडं. काकी ओट्यावर येऊन उभी होती, डोळ्यांवर हाताची सावली धरून.

"कशी हाय?" काकीनं विचारलं. मला नव्हे. तिला.

"व्हय, वहिनी," आत्या ओरडून म्हणाली. "उलटीच हाय. दोन दिवस लागतील."

मी सुटकेस उचलून घरात नेली आणि गाडी वळवली. आरशात दिसली ती तेवढीच. ओल्या हातात पाना, मान वाकडी, आणि मागं पाइपातून पाणी धो धो पडतंय.